शेवटच्या अक्षराचा पाय

सोमवार, १६ मार्च २०२०

सकाळी उठले. अंघोळ केली, पोहे केले. समताच्या बँकेने आजपासून सगळ्यांना घरूनच काम करायला सांगितलं आहे. तिने जेवणाच्या टेबलावर दोन स्क्रीन मांडले, म्हणून आम्ही मायलेकी ओट्याशी उभ्यानेच जेवलो. दुपारी दुकानात गेलो. टॉयलेट पेपरचं अख्खं कपाट रिकामं होतं. तांदूळ मिळाला. चार वाजता चहा केला, तो सवयीने दोन कपांचा झाला. समता कॉफी पिते. एक कप सिंकमध्ये ओतला.

ही डायरी समतानेच दिली. म्हणाली, "आई, बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण लिही तरी." बरं म्हटलं. पिंपरीला महापालिकेच्या पाणीपट्टी विभागात माझी नोकरी झाली, तिथे लिहायचंच काम होतं. घरात बोलण्याचं खातं समताच्या बाबांकडे, दिनकर यांच्याकडे होतं. ते डिसेंबरात गेले. त्यानंतर समता मला इथे अ‍ॅमस्टरडॅमला घेऊन आली.

शुक्रवार, २० मार्च

माझं २८ तारखेचं परतीचं विमान रद्द झालं. समताला काळजी वाटते, मला तितकी नाही. घरी जाऊन कुलूपच उघडायचं होतं.

मंगळवार, २४ मार्च

एक अडचण आहे, ती समतालाही सांगता येत नाही.

आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या दारांसमोरून एकच लांब गॅलरी जाते. शेजारच्या दारात एक चिनी मुलगी राहते. समतापेक्षा लहान असेल. मी सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन निघते तेव्हा ती दारात उभी असते आणि वाकून, हसून म्हणते, "गू मॉर्निंग."

'गुड'मधला ड ती खाऊनच टाकते. रोज सकाळी, रिकाम्या पोटी, हातात कचरा आणि वर हे. मीही हसते. दुसरं काय करणार?

शुक्रवार, २७ मार्च

आज समताने विचारलं, "आई, तू सकाळी त्या मुलीला बघून पळतेस का? तिला वाटतंय, ती चीनची आहे म्हणून तू घाबरतेस."

मग मला सांगावंच लागलं. समता इतकी हसली की तिला पुढच्या मीटिंगमध्येही कॅमेरा बंद करावा लागला. नंतर म्हणाली, "मग शिकव की तिला. तिला हवंच आहे कोणीतरी. माझ्याकडे आली होती. मी तिला म्हटलं, मला वेळ नाही, पण माझी आई शिकवेल."

मी म्हटलं, "मला कुठे इंग्रजी येतं?"

"बाबांची बायको आहेस ना?"

दिनकर महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. म्हणजे गायकाच्या बायकोने गावं, असंच झालं. मी नाही म्हटलं.

सोमवार, ३० मार्च

मुलीचं नाव श्वे आहे. आज तीच दारात खुर्ची टाकून बसली होती. मीही आमच्या दारात खुर्ची टाकली. मध्ये दोन मीटरचं अंतर, सरकारी नियमापेक्षा जास्तच. तिने सगळं सांगितलं. निम्मं मला कळलं, निम्मं समताने आतून ओरडून सांगितलं.

ती इथल्याच डेल्फ्ट गावात पाण्याचं शास्त्र शिकली. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला सरकार एक वर्ष देतं. तिचं वर्ष जूनअखेर संपतं. नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. फोनवर दोन मुलाखती झाल्या. एकीत समोरच्या बाईंनी "सॉरी?" असं इतक्यांदा विचारलं की शेवटी श्वेनेच सॉरी म्हणून फोन ठेवला. आता मे महिन्यात एका प्रयोगशाळेत शेवटची मुलाखत आहे, व्हिडिओवर. सांडपाण्यातले विषाणू तपासायचं काम आहे.

मी म्हटलं, मी पाणी विभागातच होते. तिला फार आनंद झाला. मी पाणीपट्टीच्या पावत्या लिहायची, हे सांगायचं राहून गेलं.

मंगळवार, ३१ मार्च

सुरुवात 'गुड'पासूनच केली. त्यात माझा स्वार्थ होता.

पिंपरीची मुलं 'फर्स्ट'चा ट खायची. दिनकर फळ्यावर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचे आणि शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचे. म्हणायचे, "पाय मोडला नाही तर अक्षर पळून जातं, पोरांनो." आणि जमिनीवर पाय आपटायचे. वरून आलेल्या साहेबांना हे पसंत नव्हतं. मुलं मात्र 'फर्स्ट' म्हणायला लागली.

मी पुठ्ठ्यावर मोठं 'गुड्' लिहिलं आणि ड खालची ती तिरपी रेघ दाखवली. "लेग. ब्रेक द लेग. अदरवाइज रन अवे." श्वेने रेघ नीट पाहिली. तिची स्वतःची लिपी रेघांचीच, तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी पाय आपटला. तिनेही आपटला.

"गु-ड्!"

घरी येऊन पाणी प्यायले. घसा दुखत होता.

गुरुवार, २ एप्रिल

आज समताचा माइक चुकून चालू राहिला. तिच्या साहेबांना आणि सोबतच्या पंधरावीस जणांना माझा आवाज ऐकू गेला: "ब्रेक द लेग! ब्रेक द लेग!" साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी समताची माफी मागितली. ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. डोळे लाल दिसले. ऑफिसात बोलणी बसली असणार. उद्यापासून हळू बोलेन असं म्हटलं, तर माझ्यावर खेकसली, "अजिबात हळू बोलायचं नाही!"

हल्लीच्या नोकऱ्यांत फार ताण आहे.

सोमवार, ६ एप्रिल

श्वेचा न आणि ल एक आहे. ती हुबेईची. त्यांच्याकडे न-ल वेगळे नाहीत म्हणे. "आय स्विच ऑफ द नाइट," म्हणते. मी म्हटलं, इतकं तुझ्या हातात असतं तर बरं झालं असतं.

यावर दिनकर यांचा काही इलाज आठवेना. मग स्वतःच करून पाहिलं. नाक चिमटीत धरलं तर न निघतच नाही, ल निघतो. आम्ही दोघी आपापल्या दारात नाक धरून "लाइट, लाइट" म्हणत बसलो. तेवढ्यात लिफ्टजवळच्या घरातले रामदीन आजोबा सामान घेऊन आले. ते सुरिनामचे. त्यांचे पणजोबा बिहारकडून गेलेले, त्यामुळे जुन्या वळणाची हिंदी बोलतात. दोन बायका नाक धरून बसलेल्या पाहून ते लिफ्टपाशीच थांबले.

"का भइल, बहिनी? बास आवत बा?"

मी सांगितलं, वास नाही, अभ्यास आहे. त्यांनीही पिशवी खाली ठेवून नाक धरून पाहिलं. म्हणाले, खरंच की.

बुधवार, ८ एप्रिल

श्वे आज फार बारीक आवाजात बोलत होती. विचारलं तर म्हणाली, दुकानात दोन मुलं तिच्याकडे बघून मुद्दाम खोकली, "कोरोना" म्हणाली आणि हसली. म्हणून ती बाहेर तोंडच उघडत नाही. जेवढं कमी बोलू तेवढं लोकांचं लक्ष कमी.

ती हे हसतच सांगत होती. मग मी तिला थ शिकवला. 'थाळी'तला थ. 'थँक यू', 'थिंक', 'थ्री'. ती 'सँक यू' म्हणायची. आता थ जोरात येतो, पण कधी कधी थुंकी उडते. हे सध्याच्या दिवसांत बरं नाही. मी खुर्ची थोडी मागे घेतली.

मंगळवार, १४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. माझा भाऊ संजीव फोनवर आला, तिकडेही सगळं घरातच. खीर केली. एक वाटी झाकून श्वेच्या दाराशी ठेवली आणि मागे सरून हाक मारली, "श्वेऽऽऽ!"

ती बाहेर आली आणि हसायला लागली. मला म्हणाली, रागावू नका, पण तुम्ही मला दोन आठवडे 'बूट' म्हणता आहात. तिच्या नावाचा अर्थ बर्फ. त्यासाठी आवाज आधी खाली न्यायचा, मग वर आणायचा. मी एकाच उंच पट्टीत ओढते, त्याचा अर्थ बूट.

मी प्रयत्न केला. रागावल्यासारखं झटकन खाली आणलं तर म्हणाली, "आता रक्त झालं."

दहाबारा वेळा म्हणून पाहिलं. बर्फ एकदाच पडला. म्हणजे मी तिला इंग्रजीवरून किती बोलते, आणि तिने माझं दोन आठवडे निमूट ऐकून घेतलं. माझं नाव 'शैला' मात्र तिने पहिल्याच दिवशी बरोबर म्हटलं होतं. आता तर नावानेही हाक मारत नाही. परवापासून मला 'आई' म्हणते. समताचं ऐकून उचललं असणार. मला जरा अवघडल्यासारखं झालं.

सोमवार, २७ एप्रिल

इथल्या राजाचा वाढदिवस. एरवी सगळं गाव केशरी कपडे घालून रस्त्यावर उतरतं म्हणे. यंदा सगळे घरात. आजोबा केशरी टोपी घालून आपल्या दाराशी बसले होते.

नवीन पद्धत चांगली चालली आहे. श्वे गॅलरीच्या या टोकाला उभी राहून वाक्य वाचते, आजोबा त्या टोकाला. त्यांना कळलं तर टोपी वर करतात. आज "वुई टेस्ट द वेस्ट वॉटर फॉर द व्हायरस" हे वाक्य त्यांना सबंध कळलं. इतक्या लांब ऐकू जायचं तर बारीक आवाजात बोलून चालतच नाही. श्वेचा आवाज इतका मोठा आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी समता म्हणाली, "आई, तू 'पोरांनो' म्हणतेस."

"कुठे?"

"शिकवताना. ती एकटीच असते समोर, आणि तू म्हणतेस, 'पाय मोडा पोरांनो.'"

मला नाही वाटत मी असं म्हणत असेन.

गुरुवार, ७ मे

बुद्धपौर्णिमा. मुलाखतीची तारीख आली, १९ मे. एक बाई आणि एक गृहस्थ, दोघे डच. समताने सांगितलं की भारतात जायला खास विमानं सुटणार आहेत, नाव नोंदवायचं का? मी म्हटलं, आत्ता कसं? एकोणीस तारीख होऊ दे.

शनिवार, १६ मे

फार वाईट झालं.

समताला आज सुट्टी. ती पहिल्यांदा खुर्ची घेऊन आमच्याबरोबर बसली. श्वेने सगळं भाषण म्हणून दाखवलं. अक्षरांचे पाय मोडलेले, न-ल वेगळे, आवाज खणखणीत. मी समताकडे पाहिलं. तिचा चेहरा कसातरी झाला होता.

आत आल्यावर म्हणाली, "आई, तिचं व्ही आणि डब्ल्यू एकच आहे."

"म्हणजे?"

"'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' सारखंच म्हणते ती."

"वेगळं आहे की. एकाला व, एकाला व्ह."

"लिहिताना, आई. म्हणताना नाही. म्हणून दाखव बरं."

मी म्हणून दाखवलं. समताने कपाळाला हात लावला. म्हणाली, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर घासायचे, डब्ल्यूला ओठ शिट्टीसारखे गोल करायचे. आपण मराठी माणसं दोन्हीच्या मधलं काहीतरी करतो. तिलाही हे पहिल्या नोकरीत कळलं.

श्वे आधी सगळीकडे डब्ल्यू म्हणायची. मी तो घालवला आणि सगळीकडे आपला व बसवला. आणि त्या भाषणात वॉटर, वेस्ट, व्हायरस, व्हॉल्व्ह, व्हॉल्यूम याशिवाय आहे काय? चिनी मुलीला मी पिंपरीचं इंग्रजी शिकवलं. तीन दिवस राहिले.

दिनकरही दोन्ही सारखंच म्हणायचे. मला त्यांचा आवाज नीट आठवतो. 'व्हेरी वेल' म्हणायचे. अगदी सारखं. शेकडो पोरं त्यांनी तशीच घडवली आणि कोणाचं काही अडलं नाही. पण ती पोरं हॉलंडात नोकरी मागत नव्हती.

रविवार, १७ मे

समताने श्वेला आरशात बघून दोन्ही करायला लावले. तासाभरात तिचे व्ही, डब्ल्यू आणि आपला व, तिन्ही गेले. दात आधी की ओठ आधी, या विचारात ती वाक्याच्या मध्येच थांबायला लागली. पुन्हा तोच बारीक आवाज. आजोबांनी एकदाही टोपी उचलली नाही. श्वे मला म्हणाली, "आई, आय अ‍ॅम ब्रोकन लेग."

मी हसले नाही. तीही हसली नाही.

सोमवार, १८ मे

सकाळी एकटीच दुकानात गेले. गल्ल्यावरची मुलगी रोज विचारते तेच तिने विचारलं, "विल्ट उ द बॉन?" पावती हवी का, असं. रोज मी नुसती मान हलवते. आज ऐकलं. तो 'विल्ट'मधला व. ओठ गोल नाही, दातांचं घासणंही नाही. मी मुद्दाम काही कळलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा म्हटलं. हा तर आपलाच व!

परत येताना बसथांब्यावर उभं राहून माणसांचं बोलणं ऐकलं. वात, वी, वार, वाटर. सगळे व आपलेच. आजोबांना विचारलं तर तेही 'वाटर'च म्हणाले, अगदी तसंच.

दुपारी मी श्वेला सांगितलं, आरसा ठेवून दे. समोरचे दोघं डच आहेत. त्यांच्या कानाला आपला व ओळखीचा असणार. पूर्वीसारखं म्हण.

समता म्हणाली, "आई, हे रिस्की आहे. ते डच बोलताना तसं म्हणतात, इंग्रजी बोलताना नाही."

ती शिकलेली आहे, तिचं बरोबर असेल. पण मला त्या पोरीचा आवाज परत हवा होता. श्वेने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समताकडे. मग गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. दुसऱ्या वाक्याला आजोबांनी टोपी उचलली.

मी चुकले तर ती पोर जुलैत इथे नसेल. स्वयंपाकात लक्ष लागलं नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं.

मंगळवार, १९ मे

मुलाखत अकराला होती. समता श्वेला दारातून ओरडून म्हणाली, "ब्रेक अ लेग!"

मला वाटलं, शेवटची आठवण करून देते आहे. तर म्हणे इंग्रजीत ही शुभेच्छाच असते. नाटकवाले रंगमंचावर जाण्याआधी एकमेकांना असंच म्हणतात. म्हणजे मी दीड महिना तिला रोज शुभेच्छाच देत होते.

दिनकर यांना हे माहीत होतं का? माहीत असतं तर मला नक्की सांगितलं असतं. की सांगितलं होतं, आणि मी भाजी निवडता निवडता नुसतं हं म्हटलं?

भिंतीपलीकडून श्वेचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र मोठा होता. मी भिंतीला कान लावला नव्हता, नुसती तिथे उभी होते. समताही उभी होती.

पाऊण तासाने ती बाहेर आली. म्हणाली, एकदाही "सॉरी?" आलं नाही. एकदाच आलं, ते तिच्याकडून. ते गृहस्थ व्हॅक्सीनला 'फॅक्सीन' म्हणाले, ते तिला कळलं नाही. आणि शेवटी बाईंनी विचारलं, "तुझं इंग्रजी फार स्पष्ट आहे. शाळा भारतात झाली का?"

समता भिंतीला टेकून खालीच बसली, इतकी हसली. श्वेने काय उत्तर दिलं विचारलं, तर म्हणाली, "मी म्हटलं, हो. गॅलरीत."

गुरुवार, २८ मे

श्वेला नोकरी मिळाली. पंधरा जूनपासून. मी बातमी ऐकली तेव्हा हात पिठात होते. तिला जवळ घ्यायची बंदी आहे. दोघी आपापल्या दारात उभ्या राहून पाय आपटत राहिलो. खालच्या मजल्यावरच्या माणसाने वर बघून काहीतरी विचारलं. आजोबांनी त्याला डचमध्ये काय सांगितलं कोण जाणे, त्यानेही हात वर केला.

श्वेने तिच्या आईला व्हिडिओ लावला आणि फोन माझ्याकडे धरला. बाई माझ्याच वयाच्या. काहीतरी बोलल्या, त्यात 'आयी' ऐकू आलं. श्वे म्हणाली, "आई विचारते, आयी जेवल्या का?" मी म्हटलं, तुझी आई मला आई कशी म्हणेल? मग उलगडा झाला. 'आयी' हा त्यांचाच शब्द आहे. त्याचा अर्थ मावशी. ती पहिल्यापासून मला मावशीच म्हणत होती.

मी तिला आमचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "ओके. बोथ."

काही बिघडत नाही.

बुधवार, १० जून

खास विमानात जागा आहे, समताने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, श्वेचा थ अजून कच्चा आहे. 'थर्सडे' म्हणताना गडबडते. नवीन नोकरीत आठवड्यातून एकदा गुरुवार येणारच. ऑगस्टचं बघ.

समता हो म्हणाली, लगेच. मला वाटलं होतं वाद घालेल.

गंमत म्हणजे आजोबांशी बोलताना श्वेचा 'थर्सडे' स्वच्छ ऐकू आला. माझ्यासमोरच अडखळते. भीड पडत असेल.

सोमवार, १५ जून

श्वे आज पहिल्यांदा कामाला गेली. पाहुण्यासारखे इस्त्रीचे कपडे, पाठीला पिशवी. मी कचरा घेऊन निघालेच होते. वाकून म्हणाली, "गुड् मॉर्निंग, आयी." ड चांगला ठसठशीत. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, श्वे." ती चालता चालता वळली आणि म्हणाली, "स्नो!" म्हणजे आज बरोबर पडला.

वरून तिची सायकल वळणापर्यंत दिसली. मग मेट्रोच्या पुलाखाली गेली.

कचरा टाकून आले. समताची मीटिंग चालू होती, दार लावलेलं. श्वेची बाहेर राहिलेली खुर्ची आत घेतली, माझी बाहेर ठेवली. चार वाजता चहा केला. पुन्हा दोन कपांचा झाला. बाहेर खुर्चीवर बसून दोन्ही प्यायले.